सेकंड गिअरचा आवाज

"मागच्या चाकांचं क्राउन-पिनियन बदलून टाक," ग्रंथपाल म्हणाले. "गाडीला पिकअप राहिलेला नाही. चढण लागली की जीव टाकते."

मिस्त्रीने हात पुसत गाडीकडे पाहिलं. गाडी जवळजवळ त्याच्याच वयाची. ग्रंथपालांनी मात्र ती दुसऱ्याचं पुस्तक जपावं तशी जपली होती. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते अजून वाचनालयात बसल्यासारखे हळू बोलत, आणि गाडीचं दारही आवाज न करता लावत. ते धड लागत नसे, मग मिस्त्री उठून एकदा जोरात आपटायचा आणि वर चार शब्द ऐकवायचा.

आज त्याने थट्टा केली नाही. ग्रंथपालांच्या बायकोला, काकूंना, जाऊन महिना होत आला होता. छातीत कळ आली म्हणून ग्रंथपाल त्यांना घेऊन निघाले, आणि इस्पितळाच्या चढणीवर, याच गाडीत, मागच्या सीटवर काकू गेल्या. "थोडं आधी आणलं असतं तर," असं म्हणून डॉक्टर मोकळे झाले होते. तेव्हापासून या माणसाला झोप नव्हती, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

आता कुणाला पोचवायची घाई आहे, हे विचारायची मिस्त्रीची छाती झाली नाही.

"अख्खा मागचा भाग उतरवावा लागेल, काका. जास्त दातांचा क्राउन, म्हणजे मागचं दातेरी चाक, बसवला की गाडी उचलेल चांगली, पण सपाटीवर पळायची नाही. आधी एकदा चढणीवर बघू या. तुम्हीच चालवा."

चढण सुरू झाली. ग्रंथपालांनी दुसरा गिअर टाकला, आणि इंजिन जरा कुठे आवाज चढवतंय तोच तिसरा. गाडी मरगळली. मागचा टेम्पो हॉर्न वाजवत पुढे निघून गेला.

मिस्त्रीचं डोकं सटकलं. चांगल्या इंजिनाचे असे हाल त्याला बघवत नसत.

"अहो काका, इतक्यात कसला थर्ड? सेकंडला घ्या परत. दाबा. आणखी दाबा. ओरडू दे त्याला, काही होत नाही!"

ग्रंथपालांनी ऐकलं. सीट थरथरू लागली, आरसा हलू लागला आणि म्हातारी गाडी जी निघाली ती निघालीच. टेम्पो मागे पडला, वळण मागे पडलं. मिस्त्रीने खुशीत डॅशबोर्डवर थाप मारली. "बघा! काय झालंय हिला?"

समोर इस्पितळाचं फाटक होतं. त्याने जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

ग्रंथपालांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"म्हणजे गाडी चढत होती," ते म्हणाले.

"आज मागे कुणी नाही, काका. आणि हवाही गार आहे..." मिस्त्री काहीबाही बोलू लागला.

"तिला अर्धशिशी होती. लग्न झाल्यापासून एकच धोशा. अहो, किती तो आवाज, टाका की पुढचा गिअर. मग मी लवकर टाकायला लागलो. हाताला वळणच पडलं." ग्रंथपाल तळहाताने स्टीअरिंग पुसत राहिले. "त्या दिवशी ती काही म्हणाली नाही रे. डोळे मिटून पडली होती. मी आरशातून पाहिलं आणि मला वाटलं, आवाजाने हिला आणखी त्रास होईल. म्हणून टाकला तिसरा."

पहिल्यांदाच एखाद्या गाडीत दोष निघावा असं मिस्त्रीला मनापासून वाटलं.

"बदलतो मी क्राउन," तो म्हणाला. "झिजलाच असणार."

"नको." ग्रंथपालांनी किल्लीला हात घातला. मग म्हणाले, "तू मागे जा."

"मी?"

"मागे जाऊन आडवा हो. मी पुन्हा खालून वर आणतो, सेकंडवरच. आवाज किती होतो ते सांग. खरं सांग."

मिस्त्री तेलकट कपड्यांनिशी त्या स्वच्छ सीटवर गुडघे मुडपून आडवा झाला. ग्रंथपालांनी गाडी खाली नेली, वळवली आणि चढणीला घातली. इंजिन ओरडू लागलं. मिस्त्रीचं सगळं आयुष्य पत्र्यावरच्या हातोड्यांत गेलेलं, भर कामात दुपारची डुलकी काढणारा माणूस तो. त्याच्या कानाला हा आवाज म्हणजे काहीच नव्हता. खिडकीतून विजेच्या तारा भराभर मागे जात होत्या. गाडी किती झपाट्याने वर चालली आहे हे त्याला पाठीला कळत होतं, आणि पडल्या पडल्या त्याला रडू आलं. त्याने बाहीने तोंड पुसलं.

गाडी फाटकाशी थांबली. ग्रंथपालांनी मागे वळून पाहिलं नाही.

"सहन होण्यासारखा होता?"

मिस्त्री उठून बसला. दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं.

"छे हो, काका," तो म्हणाला. "आजारी माणसाला तर मुळीच नाही. माझंच डोकं उठलं."

ग्रंथपालांनी हळूच मान हलवली.

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले. "तिला फार त्रास झाला असता."