प्रभूची खुर्ची

“वहिनी, पुढच्या दारानं येऊ की मागच्या?”

स्वयंपाकघराच्या खिडकीत दिराचा चेहरा दिसला आणि तिच्या हातातला मिठाचा चमचा तसाच राहिला. तो आज सुटणार हे तिला ठाऊक होतं. पण नेमकं याच वेळी, चर्चचे पाळकसाहेब सपत्नीक जेवायला यायचे होते तेव्हा? तिनं घाईघाईनं मागची कडी काढली.

“भाऊजी, आवाज करू नका. पाळकबाईंना मी सांगितलंय, तुम्ही परगावी कामाला गेलात म्हणून.”

“परगावीच होतो की,” तो हसला. “गावाची भिंत तेवढी जरा उंच होती.”

तिला हसू आलं नाही. हातात रंधा असला की देवमाणूस, पेला असला की सैतान, असं सासूबाई त्याच्याबद्दल म्हणायच्या. पेल्याच्याच एका दिवशी त्यानं मुकादमाचा हात मोडला होता. आता तो पिशवी छातीशी धरून उभा होता. जाताना अंगावर होता तोच सदरा. त्यात अजून एक माणूस मावला असता.

“काम मिळेपर्यंत राहू का? दुसरीकडे जायला जागा नाही. दादा म्हणाला, वहिनीला विचार.”

“पाहुणे जाऊ देत, मग बघू.”

तिनं दाराबाहेर मोरीजवळ बादली पालथी घातली, भाताची ताटली त्याच्या हातात दिली आणि दार ओढून घेतलं. मग रश्श्यात मीठ घातलं. आधी घातलं होतं की नव्हतं ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं.

बाहेरच्या खोलीत टेबल मांडून तयार होतं. वरच्या टोकाला प्रभूची खुर्ची. लग्न होऊन या घरात आल्यापासूनचा तिचा नेम होता. रोज संध्याकाळी त्या रिकाम्या खुर्चीसमोर प्रभूसाठी ताटली मांडायची, आणि जेवणं झाली की ती कोरी ताटलीही सगळ्यांच्या खरकट्या ताटल्यांबरोबर घासून ठेवायची. त्या खुर्चीवर कोणी बसत नसे. टॉवेलसुद्धा कधी तिच्यावर पडला नाही. मांजर चढलं तर मांजराची धडगत नसे. चर्चमध्ये या नेमाचं फार कौतुक होतं.

पाळकसाहेब आले, पाळकबाई आल्या. नवरा त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता आणि मागच्या दाराकडे बघायचं टाळत होता. तिचे कान मात्र तिकडेच. बादली सरकली. खोकल्याची उबळ आली आणि मध्येच दाबली गेली.

“मागं कोणी आहे का?” पाळकबाईंनी विचारलं.

“मांजर,” ती म्हणाली.

पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले. प्रभूच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून त्यांनी डोळे मिटले. “ये, प्रभू. या मेजाशी आमच्यामध्ये येऊन बस...” बोलता बोलता त्यांनी अंगाचा भार पुढं टाकला. काडकन आवाज झाला. खुर्ची आडवी, आणि खुर्चीवर पाळकसाहेब.

लाकूड मोडल्याचा आवाज ऐकून सुताराला कुठलं राहवतंय! मागचं दार उघडलं. दिरानं पाळकसाहेबांना हात देऊन उठवलं आणि खुर्चीपाशी गुडघे टेकले. आपल्या हातचं काम त्यानं ओळखलं. भावाच्या लग्नात त्यानंच ती करून दिली होती.

“पाय सुटलाय. कोणी बसत नाही का हिच्यावर?”

“नाही,” ती पुटपुटली.

“तरीच. कोणी बसलं असतं तर केव्हाच कळलं असतं.”

त्यानं टेबलावरचा लाकडी चमचा घेतला, सुरीनं तासून त्याची पाचर केली आणि पायातला बूट काढून टाचेनं ठोकून बसवली. मग खुर्ची उभी केली आणि खुशाल तिच्यावर बसला. बसून, अंग हलवून बघितल्याशिवाय कुठला सुतार खुर्ची हातावेगळी करत नाही.

“अहो, उठा!” पाळकबाई ओरडल्या. “ती प्रभूची आहे! कोण तुम्ही?”

तो अर्धवट उठला. “चुकलं, बाई. मी सुतार. शेजारी कामाला आलो होतो. आवाज ऐकला म्हणून...”

वहिनीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. थाप तिची होती, आणि सांभाळत होता तो. खाली वाकून बूट घालायची त्याची घाई चालली होती आणि बूट काही पायात जाईना. हनुवटीला मोरीजवळ खाल्लेल्या भाताचं शीत चिकटलं होतं.

“शेजारचे नाहीत,” ती म्हणाली. “माझे दीर आहेत. आज सकाळी तुरुंगातून सुटले. भाऊजी, उठू नका. आता इथंच राहायचंय तुम्हाला.”

पाळकबाईंचा हात गळ्यातल्या क्रूसाकडे गेला. नवऱ्यानं भाताचं पातेलं हळूच वरच्या टोकाकडे सरकवलं. तिनं वाढलं.

“वहिनी, रश्श्यात मीठ जरा...”

“माहितीये. जेवा गुपचूप.”

सगळं आवरल्यावर ती मोरीशी ताटल्या घासायला बसली. प्रभूची ताटली तिनं नेहमीसारखी शेवटी हातात घेतली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती खरकटी होती.