कासूला न जाणारी गाडी

लडाखपर्यंत जाऊन आलेली हर्षदची मोटारसायकल वरश्याहून कासूला, म्हणजे त्याच्या सासुरवाडीला, जायचं म्हटलं की हमखास आजारी पडायची. रविवारी अनिताने माहेरचं नाव काढलं की हा चेन उतरवून रॉकेलमध्ये टाकायचा. मग अनिता आईला फोन लावायची, "चेन काढलेय गो, आज नाय जमत."

या शनिवारी हर्षद कंपनीच्या बसने शिफ्टला गेला आणि तिने मेकॅनिकच घरी बोलावला. चेन, ऑइल, ब्रेक, हवा, सगळं चोख करून घेतलं. रविवारी हर्षद गाडीभोवती फिरफिरून खोट शोधत राहिला.

"अहो, निघा आता," अनिता म्हणाली. "का हेल्मेटपण सर्व्हिसिंगला टाकायचंय?"

कासूला पोचले तर सासूबाई, कृष्णाबाई, नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर फुगून बसलेल्या. अंगणात सासरे मोरूभाऊ आपली जुनी मोटारसायकल उघडून बसले होते.

"तुझ्याकडंच यायला निघालेय गो," कृष्णाबाई लेकीला म्हणाल्या. "पण तुझ्याकडं यायचं म्हटलं की यांची गाडी बिघडलीच म्हणून समज."

दोघी बोलत बोलत आत गेल्या.


मोरूभाऊंनी दाराकडे एकदा बघून घेतलं, जावयाला जवळ बसवलं आणि हळूच म्हणाले, "जावई, नुसती चेन काढून भागत नाय. सरळ चाक काढायचं."