सकाळचं पाणी

"ही मला विष घालतेय!" डॉक्टरांच्या टेबलावर मूठ आपटत केतकी ओरडली. "रोज सकाळी, पाण्यातून!"

वृंदाने मान खाली घातली. वर्षभर हेच चाललं होतं. आधी लेकीचे हात थरथरू लागले, मग अक्षर बिघडलं, मग सख्ख्या आईवरच संशय. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, अंगारे-धुपारे झाले. तब्येतीला चांगलं म्हणून रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणी मात्र वृंदाने एक दिवसही चुकवलं नव्हतं; प्रसंगी थोबाडीत देऊन पाजलं होतं.

मेंदूच्या या नव्या डॉक्टरांनी केतकीच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि ते थबकले. "बुबुळाभोवती तपकिरी कडं आहे. तपासण्या करूच, पण हे वेड नव्हे. अन्नपाण्यातलं तांबं हिचं शरीर बाहेर टाकू शकत नाही. ते मेंदूत साठतंय. औषध आहे यावर. घरी पाणी कशात भरता?"

वृंदाच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत तांब्याची बाटली. तिने पिशवी घट्ट आवळून धरली.

केतकी तिच्याकडे बघत होती. आता तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"सांग ना, आई."