अंगणातला देश

कमुना बाकावरून उतरेना.

बाक म्हणजे बोट. बोट हैफाच्या बंदराला लागली होती आणि पुढे सगळ्या अंगणभर वरीदाबाईंनी पोरींच्या हातून देश मांडून घेतला होता. नेगेवच्या वाळवंटाला रवा, मृत समुद्राला खडेमीठ, गालीलच्या सरोवराला कुणाच्या तरी आईचा निळा रुमाल. यरुशलेमच्या जागी तांब्याचं पातेलं पालथं घातलेलं. जेर्बा बेटावरच्या या यहुदी मुलींच्या शाळेत समुद्रापलीकडचा वाडवडिलांचा देश आजवर पाढ्यांसारखा घोकला जायचा. डोंगरांची नावं, नद्यांची नावं आणि शेवटी जांभया. म्हणून बाईंनी हा खेळ काढला होता. बोटीतून उतरायचं, आवडेल त्या गावी जाऊन उभं राहायचं आणि तिथे काय करणार ते सांगायचं.

खेळ रंगला होता. श्मीना निळ्या रुमालाच्या काठाशी उभी राहून म्हणाली होती, "मी इथे मासे धरणार. पण बाबा म्हणतात, आपल्याकडच्या माशाची चव तिथल्या माशाला नाही."

"तुझे बाबा कधी गेले होते गं तिथे?" त्राकीने विचारलं आणि सगळ्या पोरी खिदळल्या होत्या.

आता मात्र अडलं.

"उतर बाळ," बाई म्हणाल्या. "हैफा आलं."

"मी बोटीतच बसते."

"बाई, ही बोटीतच म्हातारी होणार!" त्राकी म्हणाली.

बाईंनी तिला नुसत्या नजरेने गप्प केलं. कमुनाच्या घरचं सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. तिच्या बापाने चांदीकामाची हत्यारं भावाला देऊन टाकली होती. वल्हांडणाचा सण झाला की तो, बायको आणि मुलं खऱ्याखुऱ्या बोटीत बसणार होती. नेगेवच्या वाळवंटातल्या बैरशेबाला घर मिळायचं होतं. खेळात एकदा जाऊन आली म्हणजे पोरीला धीर येईल, असं बाईंना वाटलं होतं.

"अगं, तू तर खरंच जाणार आहेस. या सगळ्या तुझा हेवा करतात."

"आजी नाही येत," कमुना म्हणाली. "ती नाही येत, तर मीपण नाही उतरत."

'येईल गं मागून,' असं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. नवऱ्याची आणि दोन लेकरांची माती इथे सोडून मसऊदा आजी कुठेही जाणार नव्हती. लेकाने तिच्यापुढे हात जोडून पाहिले होते, रागावून पाहिलं होतं.

"वरीदा, मला घेशील का गं खेळात?"

दारात आजीच उभी होती. शुक्रवार होता. शब्बाथच्या, म्हणजे उद्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, जेवणाचं मडकं दुपारच्या आत भट्टीत पोचवायचं म्हणून ती नातीला बोलवायला आली होती. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

पोरींना हसू फुटलं. आजीने चपला दाराशी काढल्या, घागरा आवरला आणि ती बाकावर चढून बसली. बाक करकरलं.

"सरक जरा. म्हातारीला जागा दे. अगंबाई, केवढी हलते ही बोट! मळमळायला लागलं की मला."

कमुनाला हसायचं नव्हतं, तरी हसू आलंच.

"किनाऱ्याला लागली बघ. चल, उतर. कुठे जायचं आपल्याला?"

"बैरशेबाला."

"मग पुढे हो. मला काय कळतंय, शिकलेली तू."

कमुनाने तिचा हात धरला. दोघी अनवाणी निघाल्या. यरुशलेमच्या पातेल्याशी आल्यावर आजी थांबली आणि वळसा घालू लागली.

"आजी, वरून सरळ जा ना, जवळ पडेल!" त्राकी ओरडली.

"रोज जिकडे तोंड करून मागणं मागते, त्याला ओलांडून जाऊ होय गं?"

वळसा घालून दोघी रव्यात जाऊन उभ्या राहिल्या. रव्यात चार पावलं उमटली.

खेळाचा नियम होता, म्हणून बाईंनी विचारलं, "इथे काय करणार, आजी?"

"काय करणार? आधी घर झाडून घेणार. मग हिच्या वेण्या घालणार." आजीने कमुनाची हनुवटी वर केली. "मग हिला विचारणार, आले की नाही मी? दिसते ना इथे?"

कमुना बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"दिसतेस," ती म्हणाली.

"नीट बघून ठेव. मग मला म्हणायचं नाही, आजी आली नाही म्हणून."

आजीने हात सोडवून घेतला. कमुना रव्यातच उभी राहिली. त्राकी तिच्या शेजारी शिरू पाहत होती, तिला ती म्हणाली, "तिकडे हो. इथे आजी उभी असते."

दाराशी आजी चौकटीला धरून एका पायावर उभी राहिली आणि तळव्याचा रवा झटकू लागली. बाई तिच्यामागून आल्या.

"राहू दे तिला अजून जरा तिथे," आजी म्हणाली. "मडकं माझं मी नेईन."

बाईंनी आवाज खाली आणला. "आजी, म्हणजे जाणार तुम्ही त्यांच्याबरोबर?"

आजीने दुसरा तळवा झटकला. अगदी निगुतीने, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.

"आत्ताच तर जाऊन आले, पोरी," ती म्हणाली आणि चपलेत पाय घातला.