नवी झंझा

"सुपरहिरोईनच्या कानात मशीन? जुनी झंझाच भारी होती!" मधल्या सुट्टीत, पुन्हा सुरू झालेल्या कॉमिकचा पहिला अंक चाळत निहार ओरडला. "ऐन मारामारीत बॅटरी संपली तर?"

शाल्मलीच्या वेण्या कायम कानांवरून असत, कारण त्यांखाली तिचंही मशीन लपलेलं होतं. एरवी ती मुकाट्याने डबा आवरून उठली असती. आज मात्र तिने सर्वांसमोर वेणी मागे सारली.

"दुसरी बॅटरी खिशात असते रे! आणि तुझी बडबड नकोशी झाली, की हे बंद करता येतं. आहे तुझ्याकडे अशी पॉवर?"

वर्ग खिदळला, निहारही. "गणिताच्या तासाला मला दे गं!" तो म्हणाला. शाल्मलीने कॉमिक त्याच्याकडून घेतलं आणि प्रसादासारखं कपाळाला लावलं.

दुसऱ्या दिवशी वेण्या घालताना आई केस कानांवर ओढू लागली. "मागून घाल गं आई," ती म्हणाली, "झंझाचे कान दिसू देत."