दोन दारांच्या मध्ये

बाहेरच्या दाराच्या कुलपात हवालदारानं किल्ली घातली, तेवढ्यात जेलरसाहेब ऑफिसातून ओरडले, "थांबा! उघडू नका."

तुरुंगाला दारं दोन. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा नियम हवालदार बावीस वर्षं पाळत आला होता. आतलं दार आत्ताच लागलं होतं. मधल्या बारा पावलांच्या जागेत टेलर उभा होता. आत कैद्यांचे कपडे आणि शिपायांच्या वर्द्या शिवायचा, म्हणून टेलर. अंगात अठरा वर्षांपूर्वीचा स्वतःचा शर्ट, आणि कालच कमरेत चार बोटं आत घेतलेली पँट. आतल्या फळ्यावर कैद्यांचा आकडा चारशे सहाचा चारशे पाच झाला होता. बाहेर त्याची मुलगी सकाळपासून ताटकळत होती. बाप आत गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती.

जेलरसाहेब हातात कागद घेऊन आले. टेलरकडे त्यांनी बघितलंच नाही. "केंद्राकडून आलंय. सोडू नका म्हणतात."

"पण साहेब, सुटकेचा हुकूम आलाय ना?"

"तो राज्याचा." साहेबांनी कपाळ पुसलं. "यानं संपात टपालगाडी पेटवली. आत ड्रायव्हर झोपला होता, तो गेला. माणूस मेला त्याची जन्मठेप राज्याच्या कायद्यानं, टपालगाडी जळली त्याची केंद्राच्या. दोन्ही एकदमच भोगायच्या, म्हणून इतकी वर्षं कुणी वेगळं काढून बघितलं नाही. राज्यानं आपली माफ केली. केंद्र म्हणतं, आमची माफ करणारे तुम्ही कोण?"

हवालदाराला हे पचायला वेळ लागला. "म्हणजे माणसाचं माफ झालं आणि गाडीचं राहिलं?"

"मला काय विचारता? दोन्हीकडे फोन केले मी. राज्यवाले म्हणतात, सोडलं नाहीत तर जबाबदार तुम्ही. केंद्रवाले म्हणतात, सोडलंत तर जबाबदार तुम्ही."

दोन्ही सरकारांचं विळ्याभोपळ्याचं सख्य सगळ्या जगाला ठाऊक होतं. एवढ्या एका बाबतीत मात्र त्यांचं एकमत झालं होतं.

हवालदाराला ड्रायव्हरची बायको आठवली. गेल्या वर्षी ती स्वतःहून आली होती, याच जागेत बसून तिनं कागदावर सही केली होती, की याला सोडायला माझी हरकत नाही. आता गाडीच्या वतीनं सही कोण करणार?

"बसा, टेलर," तो म्हणाला. घरचे कपडे अंगावर बघून अरे-तुरे जिभेवर येईना.

टेलर बसला नाही.

बाहेरच्या दारावर थाप पडली. हवालदारानं दारातली वीतभर खिडकी उघडली. मुलीचा चेहरा उन्हानं लाल झाला होता.

"काका, झालं का?"

"ताई, थोडी अडचण आलीय. वरच्या सरकारचा कागद यायचाय."

"कधी येईल?"

खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. "सांगता येत नाही. महिना लागेल, वर्षही लागेल."

"पण तुम्ही त्यांना बाहेर काढलंय ना? मला दिसतायत ते!" खिडकीच्या गजांना धरून ती हाका मारायला लागली, "बाबा! बाबा, इकडे या!"

टेलर दोन पावलं पुढे आला आणि थांबला. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी त्याची गत झाली होती. पण आई-बापांना निदान पोराचं तोंड तरी माहीत असतं. इथं दोन्ही सरकारांनी याला कधी बघितलेलं नव्हतं. हवालदाराला मनापासून शरम वाटली.

संध्याकाळच्या हजेरीची घंटा झाली. "इथं ठेवता येणार नाही," जेलरसाहेब हळू आवाजात म्हणाले. "बाहेर नाही, तर आत. पण नाव कमी झालंय, आता नवीन कैदी म्हणून घ्यावं लागेल. लिहा."

हवालदारानं वही उघडली. ज्याच्या हातची वर्दी त्यानं दहा वर्षं अंगावर घातली, त्याला तो नाव विचारू लागला. मग वय. मग अंगावरची खूण. टेलर एकेक सांगत गेला. खिडकीतली मुलगी गजांना कान लावून ऐकत होती.

"गुन्हा?" हवालदारानं मान वर न करता विचारलं आणि स्वतःच पुटपुटत लिहायला घेतलं, "सरकारी गाडी जाळली..."

"आणि ड्रायव्हर?" टेलर म्हणाला.

"ते नाही लिहायचं. ते माफ झालं."

टेलर पुढे झाला. अठरा वर्षांत त्यानं कुणाच्या वहीला बोट लावलं नव्हतं. आज त्यानं पानावर अख्खा पंजा ठेवला.

"हवालदारसाहेब, गाडीपायी मला आत घालू नका," तो म्हणाला. "त्याचंच नाव लिहा. मग मी जातो."