त्या गुरुवारची नोंद

"सर, माझी बायको दोन दिवस कळा देतेय," लष्करी तळावरचा मेकॅनिक याकूब म्हणाला. "नदीपलीकडच्या दवाखान्यात न्यायला हेलिकॉप्टरशिवाय काहीच नाही."

शस्त्रसंधी लागू झालेल्या त्या देशात लष्कराचं एकही विमान उडता कामा नये, हे बघायला विंग कमांडर उकिडवे निरीक्षक म्हणून आले होते. त्यांनी हेलिकॉप्टर जाऊ दिलं आणि वहीत लिहिलं, 'आज उड्डाण नाही.' संध्याकाळी याकूबला मुलगी झाली.

पुढच्या गुरुवारी तेच हेलिकॉप्टर पुन्हा सुरू झालं. "पेशंट आहे," वैमानिकानं लांबूनच सांगितलं. उठून आत डोकावायला हवं होतं, पण ऊन फार होतं. उकिडव्यांनी हात हलवून परवानगी दिली आणि वहीत तेच वाक्य लिहिलं.

तासाभरात त्या हेलिकॉप्टरनं डोंगरापलीकडच्या बाजारावर बॉम्ब टाकले. एकोणीस माणसं गेली.

चौकशीसाठी उकिडवे जखमींच्या छावणीत गेले. हाताला बँडेज बांधलेल्या एका बाईनं त्यांना सोबतच्या दुभाषी मुलीमार्फत विचारलं, "विमानं मोजणारे तुम्हीच ना? त्या दिवशी किती मोजलीत?"

मुलीनं वही पाहिलेली होती. ती हळूच म्हणाली, "एकही नाही, असं सांगते."

"नको." उकिडव्यांना त्या बाईकडे बघवेना. "सांग, एक होतं. मीच जाऊ दिलं आणि लिहिलं नाही."

मुलीनं ते जसंच्या तसं सांगितलं.

उकिडव्यांनी त्या बाईसमोरच वही उघडली आणि दोन्ही दिवसांच्या नोंदी दुरुस्त करून खाली सही केली.